दहाची गोटी आणि वीतभर जागा

पहाटे ५.००

एप्रिल सरत आला की खापरखेड्यात हाताचं काम दोनच वेळांना होतं, उजाडता उजाडता आणि दिवस कलल्यावर. मधले तास कूलरचे. म्हणून साप्ताहिक सुट्टी असूनही पाचलाच उठलो. रात्रभर उभी राहिल्यामुळे गाडी आतून पुरती थंड झालेली असते हेही एक कारण. आज जिथे हात घालायचा आहे ती जागा एक्झॉस्टच्या पाइपाला खेटून आहे.

गाडी पेट्रोलची, लहान, दहा वर्षं उलटलेली. महिनाभर एकच दुखणं चाललं आहे. सकाळी एका झटक्यात चालू होते. कोराडी रस्त्याने कोळशाच्या ट्रकांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेलं, इंजिन चांगलं तापलं, की मध्येच बंद पडते. सेल्फ मारला तर स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. सावलीत वीस मिनिटं उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू.

असं झालं की पहिला संशय पेट्रोलच्या पंपावर जातो, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, कारण त्या वेळी पंप खरोखरच बंद असतो. पण त्याला बंद कोणी केलं? इंजिन फिरतं आहे असा निरोप मिळाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पंपाचा रिले धरून ठेवत नाही. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे. निरोप आणणारा सेन्सर गप्प झाला की पंपही गप्प आणि प्लगची ठिणगीही गप्प. परवा गाडी बंद पडताना मी आरपीएमच्या काट्याकडे मुद्दाम पाहिलं. गाडी गिअरमध्ये होती, चाकं फिरत होती, म्हणजे इंजिनही फिरत होतं, आणि काटा मात्र शून्यावर पडलेला होता. हा काटा चालतो क्रँकच्या सेन्सरवर.

स्कॅनरनेही तेच सांगितलं. १ एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष कोडमध्ये नोंदवून ठेवण्याची पद्धत, सक्तीची झाली, त्यामुळे ब्लूटूथचा एक लहानसा स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर घरबसल्या कोड वाचता येतो. कोड होता पी ०३३५. त्याचा अर्थ ‘क्रँकच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ असा आहे, आणि त्यातला सर्किट हा शब्द नीट वाचायला हवा. सर्किटमध्ये सेन्सर आला, कनेक्टर आला, ईसीयूपर्यंतची वायर आली. कोड पाहून लगेच पार्ट बदलायचा ही सवय सगळीकडे पसरली आहे आणि ती मला मनापासून खटकते. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि दोष पुष्कळदा जागच्या जागी राहतो.

५.३०

क्वार्टरच्या अंगणातली जमीन मातीची. जॅक थेट मातीवर ठेवला तर वजन पडताच एका बाजूने रुततो. म्हणून खाली जाड फळी, तिच्यावर जॅक. हँडब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, गाडी पुढून उचलली आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड दिले. जॅक खाली घेऊन गाडी स्टँडवर बसवली आणि अंगाचा जोर लावून हलवून पाहिली. हलली नाही. तरीही स्टेपनी काढून दाराखालच्या पत्र्याच्या आत सरकवून ठेवली. काही निसटलंच तर गाडी स्टेपनीवर येईल, माझ्या छातीवर येणार नाही.

शेजारचे काकाजी फिरायला निघाले होते. बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, यंत्र उघडं दिसलं की पाय पुढे जात नाही.

‘‘काय करून राह्यले भाऊ, सकाळी सकाळी?’’

‘‘सेन्सर काढतो जी, क्रँकचा.’’

‘‘मंग विटा लावून देऊ का दोन-चार? माह्या मागच्या अंगणात पडून हाय.’’

‘‘नाही काकाजी. राखेची वीट हाय ते. गाडीखाली नाही चालत.’’

वीज केंद्र शेजारीच असल्यामुळे आमच्याकडे राखेच्या विटांना तोटा नाही. भिंतीत ती उत्तम, कारण तिथे वजन सगळ्या अंगावर सारखं बसतं. गाडीखाली ते एका कडेवर येतं आणि वीट आधी काही न सांगता फुटते. भाजक्या विटेचंही तेच. हे लिहून ठेवतो, कारण विटांवर गाडी उचलून खाली शिरलेली माणसं मी या परिसरात पाहिली आहेत.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, तिच्या टोकाला कापड गुंडाळलं. डोक्याला टॉर्च बांधला आणि खाली शिरलो.

६.००

खालून दिसतं ते असं: गिअरबॉक्स, त्यातून चाकाकडे जाणारा शाफ्ट, त्याच्या वर पाठीमागे एक्झॉस्टच्या पाइपाचं वळण, आणि या तिघांमध्ये उरलेली एक वीतभर फट. फटीच्या टोकाला, इंजिनचा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, अंगठ्याएवढा काळा सेन्सर. एकच बोल्ट, दहाचं डोकं. बोल्ट दिसतो, पण हात घातला की दिसेनासा होतो, कारण हातानेच फट भरून जाते. आरसा धरावा तर पान्याला जागा उरत नाही.

हा सेन्सर करतो काय? फ्लायव्हीलच्या कडेला दात्यांचं एक चक्र असतं. पुष्कळ गाड्यांत साठ दातांच्या जागा आखून त्यातले दोन दात मुद्दाम गाळतात, उरतात अठ्ठावन्न. सेन्सरमध्ये कायमचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. लोखंडी दात समोरून गेला की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत विजेचा छोटा हेलकावा तयार होतो. एक दात म्हणजे सहा अंश. गाळलेल्या दोन दातांपाशी हेलकावा चुकतो, त्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं आणि ठिणगी केव्हा टाकायची, पेट्रोल केव्हा फवारायचं हे ठरतं.

माझं रोजचं कामही हेच आहे, फक्त आकार वेगळा. खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत, मिळून १३४० मेगावॅट. मी सी अँड आयमध्ये, म्हणजे मोजमापाच्या आणि नियंत्रणाच्या उपकरणांवर. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, कारण जनरेटरला दोन पोल आहेत आणि देशाच्या ग्रिडला ५० हर्ट्झ हवे असतात. टर्बाइनचा वेग मोजायचा म्हणजे पुन्हा दात्यांचं चक्र आणि त्यासमोर सेन्सर. चक्राला साठ दात ठेवले तर एक मोठी सोय होते. मिनिटाचे सेकंदही साठ, म्हणून सेकंदाला जितके दात मोजले गेले तितकेच मिनिटाचे फेरे. हिशेब करावाच लागत नाही. मोटारीच्या दात्यांच्या जागाही साठच असतात हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

दोन्हींत एक फरक मोठा आहे आणि आज तोच हाताला लागतो आहे. टर्बाइनच्या सुरक्षेसाठी वेगाचे सेन्सर तीन असतात आणि निर्णय दोघांच्या मताने होतो. एक सेन्सर बिघडला तर तो एकटा संच पाडू शकत नाही. त्यांच्यापर्यंत जायला शिडी असते, उभं राहायला जाळीचा प्लॅटफॉर्म असतो, वायर जंक्शन बॉक्समध्ये आणलेली असते, म्हणजे सेन्सरला हात न लावता मीटर लावता येतो. मोटारीत सेन्सर एकच. तो गेला की गाडी उभी. आणि त्याच्यापर्यंत पोचायला ही वीतभर फट. स्वस्त पार्ट एकटा ठेवावा हे मी समजू शकतो. पण एकट्या पार्टपर्यंत हात सुखाने पोचावा, एवढं तर गाडी आखणाऱ्याच्या मनात यायला हवं होतं.

७.००

आधी कनेक्टर. तो सेन्सरच्या वर, उष्णतेच्या पत्र्याआड. एअर फिल्टरचा डबा आणि त्याची नळी काढली तेव्हा वरून एक वाट मोकळी झाली, पण माझं मनगट हीटरच्या होजपाशी अडकतं. कनेक्टरची कुलूपपट्टी दाबून ओढायची असते. ओढताना वायर धरली तर पिना निखळतात, त्यामुळे पट्टी बोटांनाच दाबता आली पाहिजे.

पोरगी दात घासत बाहेर आली होती. सातवीत आहे. वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, माझा हात जाते तिथं.’’

इंजिन थंड, बॅटरी सुटलेली, आणि वरून हात घालायचा म्हणजे गाडीखाली जायचं नाही. तिला जाड सुती बाही घालायला लावली, कारण पत्र्याची कड धारदार आहे. मी खालून आरसा आणि उजेड धरला. पट्टी कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं, बोटानेच शोधायची होती. ‘‘उंचवटा लागला काय? तो दाब, आणि दाबूनच ठेव, दुसऱ्या बोटाने मागं लोट.’’ दोन मिनिटं शांतता. मग टक् असा आवाज आला आणि कनेक्टर सुटला. ती काही बोलली नाही, फक्त हात बाहेर काढून बोटांवरचं काळं तेल पाहत राहिली, आणि मग आईला दाखवायला पळाली.

कनेक्टरमध्ये थोडी करडी पूड होती. आमच्याकडे ती सगळीकडेच असते, खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. इथे मात्र पिना चकचकीत होत्या, हिरवा गंज नव्हता. सेन्सरच्या बाजूच्या दोन पिनांवर मीटर लावला: ८६० ओहम. म्हणजे थंड असताना गुंडाळी सलग आहे. गॅरेजमध्ये थंड गाडीवर मोजून ‘सेन्सर ओके’ म्हणतात ते याच आकड्यावरून. ईसीयूकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी तपासल्या, हलवून, वाकवून, इंजिनाच्या अंगाला टेकतात का ते पाहून. त्या नीट होत्या. एक सांगून ठेवतो: केंद्रात वायरचं इन्सुलेशन आम्ही मेगरने तपासतो, तो पाचशे व्होल्ट सोडतो. गाडीच्या वायरीवर मेगर लावायचा नाही. पलीकडे ईसीयू बसला आहे, त्याचा जीव पाच व्होल्टचा.

७.४५

चहा आणि पोहे. काकाजी फेरी संपवून परत आले, ओट्यावर बसले. त्यांच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. तिचा पॉइंट ते दर उन्हाळ्यात बारीक पॉलिश पेपरने घासत, उभ्यानेच, बॉनेट उघडून. डिस्ट्रिब्युटरचं झाकण दोन क्लिपांनी निघायचं. १९७९ साली बॉश कंपनीच्या मोट्रॉनिकने इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या ताब्यात दिलं, ते आधी बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत आलं. आपल्याकडे २००० च्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले, प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं. ठिणगीची वेळ अचूक झाली, धूर कमी झाला, पेट्रोल वाचलं. जुन्या गाडीबद्दल मला हळहळ वाटत नाही. काकाजींना वाटते, आणि त्यांचं एक म्हणणं मला पटतं: ‘‘तिच्यात दिसे तरी सारं.’’

८.१५

आता बोल्ट. लहान रॅचेट, लांब एक्स्टेंशन, टोकाला युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याला दहाची गोटी. गोटीत बोटभर ग्रीस भरलं, म्हणजे सुटलेला बोल्ट गोटीतच चिकटून राहतो, गिअरबॉक्सच्या कुठल्यातरी खोबणीत जाऊन पडत नाही. शाफ्ट आणि सबफ्रेममधून एक्स्टेंशन सरकवलं, आरशात पाहून गोटी डोक्यावर बसवली. बसली याची खात्री बोटाने करून घेतली. तिरप्या गोटीने डोकं गोल केलं की हेच काम दोन दिवसांचं होतं.

गंज सोडवणारा स्प्रे रात्रीच मारून ठेवला होता. बोल्ट एक कर्र आवाज करून सुटला.

सेन्सर मात्र जागचा हलेना. हा भाग मी सावकाश लिहितो, कारण सगळं नुकसान इथेच होतं. बोल्ट निघाला की माणसाला वाटतं काम झालं, आणि तो सेन्सरच्या कानाखाली पेचकस घालून उचकतो. इतकी वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक खारी बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. कान तुटतो, वरचा अर्धा भाग हातात येतो आणि टोक भोकातच राहतं. मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून सहसा इलाज उरत नाही. सेन्सर धरून ठेवतो तो त्याचा ओ-रिंग, सुकून भोकाच्या भिंतीला चिकटलेला, आणि त्याभोवती साचलेला तेल-धुळीचा थर.

म्हणून आधी ब्रश आणि कापडाने भोवतालचा थर काढला. सेन्सर निघाल्यावर तोच मळ भोकातून फ्लायव्हीलवर पडायला नको. मग ओ-रिंगच्या कडेला स्प्रेचे थेंब, आणि थांबलो. मग सेन्सरचा कान दोन बोटांत धरून ओढायचा नाही, फिरवायचा. आधी डावीकडे केसभर, मग उजवीकडे. पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. पाठीखालचं पोतं घामाने भिजलं. आठच्या पुढे ऊन अंगणात उतरलं होतं आणि दंड वर धरून धरून बोटांतली जाण जात होती. हात खाली घेतला, रक्त उतरू दिलं, पुन्हा घातला. फिरण्याचा पल्ला हळूहळू वाढत गेला. मग एका वेळी तो सहज फिरला, ओ-रिंग सुटल्याचं बोटांना कळलं, आणि फिरवत फिरवतच तो बाहेर आला.

भोकात लगेच स्वच्छ कापडाचा बोळा घातला, त्याचं शेपूट बाहेर ठेवून.

सेन्सरच्या टोकाला करड्या केसांसारखा लोखंडी कीस लागला होता. चुंबकच तो, ओढणारच. स्टार्टरचा पिनियन दर वेळी फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतो, त्यातून झडलेला हा कीस. कीस जास्त साचला तर तेवढ्यानेही सिग्नल बिघडतो आणि नुसतं पुसून गाडी बरी होते. म्हणून जुना सेन्सर फेकण्याआधी त्याची पूर्ण चौकशी करायची.

१०.००

चौकशी स्वयंपाकघरात. बायकोने एक शेगडी मोकळी करून दिली. ‘‘झाली काय गाडी? उद्या साडेनवाचा नंबर हाय आईंचा, डोळ्याच्या डॉक्टरकडे. नाही तर बसनं निघा लागन.’’ ‘‘होते संध्याकाळपर्यंत,’’ म्हटलं.

सेन्सर पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वायर बाहेर, पिशवी पाण्याच्या पातेल्यात. मीटरचा तापमानाचा प्रोब पाण्यात. गॅस बारीक. एक आकडा तापमानाचा, एक ओहमचा.

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, हा त्याचा धर्मच आहे. अंशाला शेकडा ०.४ च्या जरा खाली. २८ अंशांना ८६० ओहम असलेली गुंडाळी ५५ ला ९५० च्या आसपास जायला हवी. गेली. ८० ला १०३० व्हायला हवी. सत्तर ओलांडलं, आकडा एकदम हजारांत उडी मारून थरथरला, आणि मीटरवर ओएल आलं. सर्किट तुटलं. गॅस बंद केला. पाणी निवत साठाच्या खाली आलं तसा आकडा परत, जणू काही झालंच नव्हतं. केसाहून बारीक तार कुठेतरी आतून तुटली आहे. थंड असताना दोन टोकं टेकून राहतात. भोवतीचं प्लॅस्टिक तापून फुगलं की ती दूर होतात. कोराडी रस्त्यावर ट्रकांमागे नेमकं हेच होत होतं. आता मी छातीठोकपणे म्हणू शकतो की दोष याचा आहे.

नवा सेन्सर नागपूरहून आणून ठेवलेला होता. पाकिटावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळतो, पण बाजारात नकली माल इतका आहे की पाकिटावर विसंबता येत नाही. त्यालाही त्याच पातेल्यात घातलं. ८० अंशांपर्यंत आकडा हिशेबाबरहुकूम चढला, कुठे अडखळला नाही. व्हर्नियरने कानापासून टोकापर्यंतची लांबी मोजली, जुन्याइतकीच. ही लांबी महत्त्वाची, कारण टोक आणि दात यांतलं अंतर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असतं. सेन्सर थोडा आखूड असला तर सिग्नल दुबळा पडतो, लांब असला तर दात टोक घासून नेतो.

शेवटची चाचणी जुन्या काट्याच्या मीटरवर. मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या टोकाजवळ स्टीलचा पाना झपकन आणला. काटा उजवीकडे झटकला. जुन्या सेन्सरवर तोच पाना, त्याच पिनांना त्याच तारा: तोही उजवीकडे. दोन्हींची दिशा एक. नकली सेन्सरमध्ये आतल्या दोन तारा उलट जोडलेल्या असतील तर काटा डावीकडे जाईल, आणि अशा सेन्सरवर ईसीयू दात्याची चुकीची कड धरतो. गाडी चालू होईल न होईल, झाली तर ठिणगीची वेळ चुकलेली असेल. डिजिटल मीटरवर हा झटका नीट दिसत नाही. काट्याचे मीटर लोक भंगारात देतात, मी देत नाही.

११.०० ते ५.००

ऊन. पत्र्याला हात लागत नव्हता. जेवण, झोप. उठल्यावर मोबाइलवर ‘राइट टू रिपेअर’च्या सरकारी पोर्टलवर माझ्या गाडीचं काही मिळतं का ते पाहत बसलो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं, या चार क्षेत्रांसाठी ते आहे. पाऊल चांगलं आहे. मला त्याच्या पुढचं हवं आहे. पार्टची किंमत, मॅन्युअल, कोडचा अर्थ हे सगळं मिळालं आणि पार्टपर्यंत हातच पोचत नसेल, तर दुरुस्तीचा हक्क पाठ जमिनीला लावून झोपणाऱ्यालाच मिळतो. कुठला पार्ट किती वेळात, कुठली दुसरी वस्तू न काढता बदलता येतो, हा आकडा विकत घेताना मायलेजसारखा समोर असायला हवा. लोक तोही विचारतील, माझी खात्री आहे.

५.३०

झळ कमी झाली. बोळा काढला, भोकाची भिंत कापडाने पुसली. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं. सेन्सर फिरवत आत दाबला, कान ब्लॉकला सपाट टेकला. बोल्टने ओढून बसवायचा नसतो, आधी हाताने बसला पाहिजे. बोल्ट सहा मिलिमीटरचा, आटे ॲल्युमिनियममध्ये. पहिले फेरे नुसत्या बोटांनी, एक्स्टेंशन फिरवून, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. मग छोटा टॉर्क पाना, नऊ न्यूटन मीटरवर. घट्ट म्हणजे चांगलं असं समजून पिळणाऱ्याने आटे मोडले की बोल्टला धरायला काही उरत नाही.

कनेक्टर जोडायला पोरगी हजर होती, या वेळी बाही घालूनच. पण मी तो जुन्या जागी लावला नाही. वायरची क्लिप सोडली तेव्हा लक्षात आलं की कंपनीने तिला ढील दिलेली आहे. ती सरळ केली तर कनेक्टर वीतभर वर येतो, फिल्टरच्या डब्याच्या कडेला, एक्झॉस्टपासून दूर आणि प्लगच्या कॉइलपासूनही दूर. दुसरं अंतर का? कॉइलजवळ नेलं तर ठिणगीचा गोंगाट या नाजूक सिग्नलमध्ये शिरतो. दोन केबल टायने तिथे बांधला, वायर इंजिन हलतं तेवढी सैल ठेवून.

६.४५

बॅटरी जोडली. कोड पुसला. सेल्फ मारला, काटा स्टार्टरबरोबरच उचलला गेला, दोनअडीचशेवर थरथरला, आणि इंजिन चालू झालं. काकाजींनी ओट्यावरूनच मान डोलावली. गाडी खाली उतरवली, ठोकळे काढले.

चालू होणं हा पुरावा नव्हे. ती थंड असताना रोजच चालू होत होती. अंगणातच रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत उभी ठेवली. मग कोराडी रस्ता, मुद्दाम ट्रकांच्या रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून. काटा एकदाही पडला नाही. परतताना एका टपरीपाशी गाडी बंद केली आणि दहा मिनिटं उभी ठेवली. सगळ्यात कठीण परीक्षा ही असते. इंजिन थांबलं की पाणी फिरत नाही, वारा लागत नाही, आणि एक्झॉस्टची सगळी उष्णता शेजारच्या वस्तूंत शिरते. सेन्सर चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत जास्त तापतो. दहा मिनिटांनी चावी फिरवली. पहिल्याच फेऱ्यात चालू.

रात्री ९.००

वहीत नोंद केली: तारीख, किलोमीटर, नव्या सेन्सरचे थंड आणि गरम ओहम, बोल्टचा टॉर्क, कनेक्टरची नवी जागा. जुना सेन्सर पिशवीत घालून त्यावर ‘७० अंशांच्या वर ओपन’ असं लिहिलं. तो पोरगी शाळेत दाखवायला नेणार आहे, शेगडीवरचा प्रयोगही तिला तिथे करून दाखवायचा आहे. काकाजी गेटपाशी येऊन सांगून गेले की त्यांच्या जावयाची गाडीही गरम झाली की बंद पडते, पुढच्या सुट्टीला पाहता का. पाहतो म्हटलं, आणि तोवर गाडी बंद पडताना आरपीएमचा काटा कुठे असतो एवढं पाहून ठेवायला जावयाला सांगा, म्हटलं.